इंटरल्युकिन-१७ बंद करणारं पेन: ३६ वेळा टोचून झाल्यावरचा रिव्ह्यू (सोबत आईचा ६ नंबर)

काल रात्री छत्तिसावं पेन मांडीत टोचून झालं आणि म्हटलं आता तरी लिहूनच टाकू, कारण अडीच वर्षांपूर्वी सुरू करायच्या आधी मी पहाटेपर्यंत मोबाइल डोळ्यासमोर धरून या औषधाबद्दल शोधत बसायचे तेव्हा मराठीत धड एक अनुभव सापडला नव्हता. जे मिळायचं ते एकतर "अजिबात घेऊ नका, इम्युनिटी झिरो होते" नाहीतर "एका इंजेक्शनात उठून पळायला लागलो". मी पळत नाही. पण मोजे माझे मी घालते, आणि ज्यांची कंबर कधी अशी धरलेली नाही त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही, असो.

मी ३४ वर्षांची, आजार अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका आणि मणका जिथे खाली कमरेच्या हाडाला जोडला जातो ते दोन सांधे सुजतात, आणि वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर मणके एकमेकांना चिकटायला लागतात. औषध सेक्युकिनुमॅब, ते इंटरल्युकिन-१७ ला अडवतं (इंटरल्युकिन म्हणजे पांढऱ्या पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप, नीट पुढे सांगते), १५० मिलिग्रॅमचं तयार पेन, सुरुवातीला दर आठवड्याला एक अशी पाच आणि मग दर चार आठवड्यांनी एक. आई ६१ वर्षांची, तिला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, आपल्या जुन्या भाषेत आमवात, ती टोसिलिझुमॅब घेते, इंटरल्युकिन-६ वालं, दर आठवड्याला. फ्रिजचा एक अख्खा कप्पा आम्हा मायलेकींचा. त्यामुळे हा रिव्ह्यू एकाचा नाही, दीड औषधाचा आहे असं धरा. आणि मी डॉक्टर नाही, बॅकऑफिसमध्ये काम करते, पण सात-आठ वर्षं दुखण्याने झोपू दिलं नाही की माणूस बरंच काही वाचतो.

माझं दुखणं सुरू झालं तेव्हा मी २३ ची होते, निदान झालं तेव्हा ३०. मधली सात वर्षं काय झालं ते लिहायला घेतलं तर वेगळा रिव्ह्यू होईल. एकाने सायटिका सांगितलं, एकाने गादी बदला सांगितलं, एका ठिकाणी तर मला बाहेर बसवून नवऱ्याला म्हणे "टेन्शन घेतात का या जास्त?" एक्सरे नॉर्मल यायचा, कारण सुरुवातीची सूज एक्सरेत दिसतच नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. आणि खूण तर साधी होती हो. दुखणं आराम केल्यावर वाढायचं आणि चालल्यावर कमी व्हायचं. साध्या कंबरदुखीत सहसा बरोब्बर उलटं असतं. रात्री तीन-साडेतीनला जाग यायची, कूस बदलायला पाच मिनिटं, मग उठून अंधारात घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, दोन-तीन फेऱ्यांनंतर जरा मोकळं वाटायचं. शेवटी ज्या रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टर) मॅडमकडे गेले त्यांनी पहिला प्रश्नच विचारला, "रात्री उठून चालता का?" मी तिथेच रडले. मग एचएलए-बी२७ (या आजारात बऱ्याचदा सापडणारी जनुकाची खूण) पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये दोन्हीकडचे सांधे पांढरे चमकत होते.

आधी दुखण्याच्या गोळ्या झाल्या, थोडं भागलं, पोट बिघडलं. मग ॲडालिमुमॅब, ते टीएनएफ नावाच्या रेणूला अडवतं. टीएनएफ हे इंटरल्युकिन नाही पण त्याच भावकीतलं समजा. वर्षभर मस्त चाललं आणि मग हळूहळू उतरायला लागलं, दोन इंजेक्शनांच्या मधे शेवटचे दिवस दुखायचे, मग शेवटचा आठवडा, मग काहीच फरक नाही. मॅडम म्हणाल्या की होतं असं, शरीर कधीकधी औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवायला लागतं. म्हणजे ज्या इम्युनिटीला आवरायला औषध आणलं तिनेच औषधाला धरलं, घ्या. मग म्हणाल्या आता आपण वेगळी तार पकडू, १७ नंबर.

आता पेनबद्दल, कारण नवीन माणसाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. सुई दिसत नाही हे मोठं सुख आहे. फ्रिजमधून काढायचं, वीस-पंचवीस मिनिटं टेबलावर नुसतं पडू द्यायचं, गरम पाण्यात धरायचं नाही, हलवायचं नाही. खिडकीतून औषध बघायचं, गढूळ वाटलं तर वापरायचं नाही. मांडी किंवा पोट, बेंबीच्या आसपासची दोन इंच जागा सोडून, आणि दरवेळी जागा बदलायची. टोपण काढलं की पेन कातडीवर सरळ उभं दाबायचं, पहिला "टक" होतो, तेव्हा औषध जायला सुरुवात होते, मग दुसरा "टक", आणि तरीही लगेच उचलायचं नाही, खिडकीत हिरवी पट्टी भरून थांबेपर्यंत दाबून धरायचं. हे मी एवढं रंगवून का सांगतेय, तर पहिल्यांदा घरी एकटीने घेताना पहिला टक ऐकला आणि मला वाटलं झालं, उचललं पेन, आणि अर्धं औषध मांडीवरून ओघळून गादीवर. जे दर आठवड्याची तारीख मोजून आणलं ते चादरीने प्यायलं. नर्सबाईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या "पहिल्याच वेळी सगळ्यांचा एकदा होतो हा प्रकार, आता तुमच्या मनाने दुसरं घेऊ नका, मॅडमना विचारून सांगते". दुखतं किती? थंडगार घेतलं तर चरचरतं, खोलीच्या तापमानाला आलेलं असलं तर मुंगी चावल्यासारखं. बाकी काही नाही. जुन्या पेनांच्या टोपणात लॅटेक्स असायचं, रबराची ॲलर्जी असेल तर आधी बोला.

फरक कधी पडला. पहिल्या इंजेक्शनानंतर काही नाही, दुसऱ्यानंतर वाटलं की मनाचे खेळ आहेत. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी डोळे उघडले तर बाहेर उजेड होता. मला कळेचना काय वेगळं आहे. मग लक्षात आलं की मी रात्रभर झोपले होते, मधे उठलेच नव्हते, आणि तशीच कुशीवरून उठून बसले, हाताने पलंगाची कड न धरता. नवरा म्हणाला "काय झालं?" मी म्हटलं काहीच नाही झालं, तेच तर झालंय. टाचेचं दुखणं मात्र जायला तीन महिने लागले, टाच पार हट्टी निघाली. आमच्यात सहा प्रश्नांचा एक स्कोर असतो, थकवा, पाठ, सांधे, दाबल्यावर दुखणं, सकाळचा कडकपणा किती आणि किती वेळ, शून्य ते दहा, चारच्या वर म्हणजे आजार जागा आहे. माझा ६.८ होता, चार महिन्यांनी २.३, आणि आजही तिथेच घुटमळतोय. थकवा पूर्ण नाही गेला हे प्रामाणिकपणे सांगते. चौथ्या आठवड्यात शेवटचे दोन-तीन दिवस पाठ हलकीशी आठवण करून देते की बाई तारीख जवळ आली.

सगळ्यांना असं होतं का, तर नाही. २०१५ मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये याच डोसवर १६ आठवड्यांनी ६१ टक्के लोकांना ठरलेल्या मापाने सुधारणा होती आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत २८ टक्के. यात दोन गोष्टी बघा, एक म्हणजे नुसतं पाणी टोचून पण २८ जणांना बरं वाटतं (आमच्या आजाराचा हा मला नेहमी पडलेला पेच, चांगले-वाईट दिवस इतके येतात-जातात की कशाने बरं वाटलं ते कळत नाही), आणि दुसरं म्हणजे ते माप २० टक्के सुधारणेचं होतं, फार उंच पट्टी नाही. उरलेल्या ३९ जणांना ही सगळी यातायात करून तेवढंही मिळालं नाही. त्यामुळे "मावशीच्या नणंदेला लागू पडलं" याला काही अर्थ नाही.

आता मला ज्याबद्दल खरंच बोलायचंय ते हे नंबर प्रकरण. इंटरल्युकिन म्हणजे पांढऱ्या पेशी एकमेकींना ज्या चिठ्ठ्या पाठवतात त्या, छोटी प्रोटीनं. नाव पडलं १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत, तोपर्यंत प्रत्येक लॅबवाल्याने आपापलं वेगळं नाव ठेवलं होतं आणि एकाच रेणूची पाच-सहा नावं फिरत होती, मग ठरलं की सरळ नंबर द्या. आता हा आकडा चाळिशीपर्यंत गेलाय. नंबर हा फक्त कोण आधी सापडलं त्याचा आहे, १७ हा ६ पेक्षा भारी असं काही नाही. आणि सगळ्या चिठ्ठ्या भांडणाच्या पण नाहीत, १० नंबर उलट "पुरे आता, शांत व्हा" असं सांगणारा आहे. म्हणून "इम्युनिटी बंद करणारं इंजेक्शन" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझं पेन एका चिठ्ठीला वाटेत पकडतं, १७-ए ला, बाकीचं टपाल चालू असतं.

१७ चं काम काय, तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना हाकारा घालून बोलवायचं. हा रेणू १९९३ मध्ये सापडला होता पण त्याला बनवणाऱ्या पेशींची वेगळी जात आहे हे २००५ मध्ये पक्कं झालं, म्हणजे माझं औषध ज्या ज्ञानावर उभं आहे ते माझ्यापेक्षाही लहान आहे. जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते, टाच, बरगड्या, मणक्याच्या कडा, तिथे हा हाकारा विनाकारण चालू राहिला की आमचा आजार. पण मग निसर्गाने १७ ठेवलाय कशाला? तोंडातली, घशातली, कातडीवरची बुरशी आटोक्यात ठेवायला. ते मला सातव्या महिन्यात कळलं. जिभेवर पांढरा थर, चव गेलेली, मी आपली ब्रशने घासतेय. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या "कॅन्डिडा, १७ अडवल्याची पावती आहे ही". थेंब दिले, आठवड्यात गेलं, नंतर एकदाच परत आलं. घाबरण्यासारखं नाही पण कोणीतरी आधी सांगितलं असतं तर मी दहा दिवस जीभ खरडत बसले नसते.

आतड्याचा आणि डोळ्याचा प्रश्न मात्र नीट विचारून घ्या. आमच्या आजारात काही जणांना आतड्याची सूज असते, क्रोन्स वगैरे, आणि या औषधाची क्रोन्सवर ट्रायल केली तेव्हा फायदा तर नाहीच, उलट बिघडलं. लॉजिक तेच, आतड्याच्या अस्तराला १७ लागतो. म्हणून मॅडम दर व्हिजिटला विचारतात, जुलाब, रक्त, वजन? आणि डोळा सारखा लाल होऊन दुखत असेल, युव्हायटिस, तर ॲडालिमुमॅबसारखे टीएनएफवाले तिथे जास्त भरवशाचे. माझे डोळे आणि पोट दोन्ही गप्प आहेत म्हणून मला १७ जमला. हे नशीब आहे, माझी हुशारी नाही.

आणि आता गंमत ऐका. २३ नंबरचं इंटरल्युकिन हे १७ बनवणाऱ्या पेशींना खतपाणी घालतं. म्हणजे १७ अडवून जर मला बरं वाटतं तर वरचा नळच बंद केला, २३ अडवला, तर आणखी छान व्हायला पाहिजे ना? माझ्या मावसबहिणीला सोरायसिस आणि त्याबरोबरचा सांधेदाह आहे, ती गुसेलकुमॅब घेते, २३ वालंच, सुरुवातीच्या दोन डोसनंतर दर आठ आठवड्यांनी एक, आणि तिची कातडी इतकी साफ झालीय की लग्नातले फोटो आणि आताचे फोटो बघून वाटतं वय उलटं चाललंय. मी लगेच मॅडमना विचारलं, मला पण तेच द्या, टोचणं निम्म्यावर येईल. तर त्या हसल्या. म्हणे करून बघितलंय, युस्टेकिनुमॅबने बघितलं, रिसान्किझुमॅबने बघितलं, मणक्याच्या आजारात २३ अडवून खोट्या इंजेक्शनापेक्षा काही वेगळं निघालं नाही. मी अवाक. जी गोष्ट कागदावर शंभर टक्के बरोबर दिसते ती माणसाच्या पाठीत चालत नाही. आता असं मानतात की मणक्याजवळच्या काही पेशी २३ ची वाट न बघता स्वतःच १७ बनवत असाव्यात. नळ बंद केला तरी त्या सांध्याची स्वतःची विहीर आहे म्हणा.

आता आईचा ६ नंबर. हा खरं तर बाकीच्यांपेक्षा जुना आणि मानाचा, जपानमध्ये ओसाकाला किशिमोतो आणि हिरानो यांच्या टीमने १९८६ मध्ये त्याचा जीन वेगळा काढला आणि त्याच किशिमोतोंच्या कामातून पुढे टोसिलिझुमॅब आलं, आमवातासाठी जपानमध्ये २००८ ला आणि अमेरिकेत २०१० ला परवानगी. हे औषध ६ ला नाही पकडत, ६ जिथे जाऊन बसतो ती खुर्चीच अडवतं. आईची बोटं सकाळी दोन-दोन तास वळायची नाहीत, नळाची तोटी फिरवायला ती तळहाताची कड वापरायची, आणि त्याच्या जोडीला कायमचा फिक्कटपणा. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली, हिमोग्लोबिन ९.४ च्या वर जाईना. ते पण ६ चंच काम निघालं, तो लिव्हरला सांगून हेप्सिडिन नावाचं कुलूप बनवून घेतो आणि शरीरातलं लोह असूनही कोठारात बंद राहतं. इंजेक्शन सुरू झाल्यावर पाच महिन्यांत ११.९, गोळी एकही न वाढवता. स्टेरॉइड १० वरून अडीचवर आलं. बोटांपेक्षा मला तिचा चेहरा आधी बदललेला दिसला. उणे बाजू म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलं, त्याची गोळी लागली, आणि लिव्हर आणि पांढऱ्या पेशींसाठी रक्त तपासत राहावं लागतं. आतड्याला डायव्हर्टिक्युलायटिस (आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या सुजणं) होऊन गेलेलं असेल तर हे औषध घेताना फार जपून, आतड्याला भोक पडायचा धोका असतो, हे सुरू करायच्या आधी विचारतातच, नाही विचारलं तर आपण सांगायचं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ज्यांच्या घरी ६ वालं औषध चालू आहे त्यांनी हा पॅरा दोनदा वाचा. सीआरपी ही जी सुजेची टेस्ट आपण सगळे करतो ते प्रोटीन लिव्हर बनवतं ते मुख्यतः ६ च्या सांगण्यावरून. ६ ची खुर्चीच अडवली की सीआरपी शून्याच्या आसपास बसतं, आजार असो नसो, इन्फेक्शन असो नसो. गेल्या वर्षी आईला तीन दिवस नुसती मरगळ, खोकला थोडा, ताप नाही म्हणावा असा, ९९ वगैरे. आमच्या मॅडम रजेवर होत्या म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं, सीआरपी एक पॉइंट काहीतरी, म्हणाले "रिपोर्ट एकदम क्लिअर, व्हायरल असेल, आराम करा". मी म्हटलं सर ती टोसिलिझुमॅबवर आहे, तर म्हणाले हो हो ते ठीक आहे. संध्याकाळी आई जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबली आणि कठडा धरून उभीच राहिली. तिचा श्वास मला खालून ऐकू येत होता. छातीचा फोटो काढला, उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया. पाच दिवस ॲडमिट. बरी झाली. पण तेव्हापासून तिच्या फाइलच्या कव्हरवर मी लाल मार्करने लिहून ठेवलंय, "सीआरपीवर विश्वास ठेवू नये". त्या डॉक्टरांचा राग आता गेलाय, तिथे रोज असे पेशंट येत नसतील, पण आपल्याला माहिती असेल तर आपण हट्ट धरायचा, हो हो ठीक आहे वर उठून यायचं नाही.

आणि हेच औषध मला दिलं असतं तर? विचारलं मी, अर्थातच विचारलं. याचीही ट्रायल झालेली आहे, आमच्या मणक्याच्या आजारात टोसिलिझुमॅब देऊन बघितलं, लोकांचं सीआरपी मस्त खाली आलं आणि पाठ होती तशीच दुखत राहिली. रिपोर्ट बरा, माणूस तसाच. उलट माझं १७ वालं आईला दिलं तरी आमवातात ते फिकंच पडतं. एकाच घरात, एकाच कप्प्यात, दोघींचे सांधे सुजलेले, आणि खोक्यांची अदलाबदल केली तर दोघी आपापल्या जागी कण्हत बसू. म्हणून कोणी विचारलं की "बायोलॉजिक (म्हणजे अशी प्रोटीनची इंजेक्शनं) चांगलं का वाईट" तर माझं उत्तर असतं की तुझा आजार कुठल्या नंबरवर चालतो ते आधी सांग.

१ नंबरबद्दल थोडंच लिहिते कारण घरी कोणाला नाही. वेटिंगमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाची आई भेटायची, त्याला लहानपणीचा तापवाला संधिवात, रोज संध्याकाळी ताप आणि अंगावर पुरळ. तो ॲनाकिन्रा घ्यायचा, १ नंबर अडवणारं, आणि ते चार-सहा तासांत शरीरात निम्मं होतं म्हणून रोज टोचायचं, रोज. त्याची मांडी लाल-लाल झालेली असायची. पण ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गेला म्हणे. मजा म्हणजे हे औषध २००१ मध्ये आलं ते आमवातासाठी आणि तिथे ते मवाळ निघालं, खरं नाव कमावलं ते अशा तापाच्या आजारांत. गाऊटमध्ये पण १ च असतो, युरिक ॲसिडचे स्फटिक पेशीत गेले की तीच चिठ्ठी सुटते, म्हणून पायाचा अंगठा रात्रीत ठणकायला लागतो.

"गोळी नाही का?" हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. ही सगळी प्रोटीनं आहेत, तोंडाने घेतली तर पोट पचवून टाकतं, म्हणून टोचणं. गोळ्या आहेत, टोफासिटिनिबसारख्या, त्या चिठ्ठी न अडवता पेशीच्या आत चिठ्ठी वाचणाऱ्यालाच गप्प करतात, त्यामुळे बरेच नंबर एकदम मंदावतात. मला ते ऐकायला सोयीचं वाटलं पण नागीण उठायचं प्रमाण त्यात जास्त आहे, आणि पन्नाशीच्या पुढच्या, हृदयाचा धोका असलेल्या लोकांसाठी २०२१ पासून कडक इशारा आहे, त्यामुळे आईला मॅडमनी तो विषय काढूच दिला नाही.

माझ्या तक्रारी आता. सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट, छातीचा फोटो, हिपॅटायटिस बी, हे सगळं होईपर्यंत तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत मी कोणाकोणावर ओरडले ते सांगत नाही. पण ते करायलाच हवं, झोपलेला टीबी उठायचा धोका टीएनएफवाल्यांत जास्त असला तरी तपासल्याशिवाय कोणतंच सुरू करत नाहीत. जिवंत विषाणूच्या लसी चालू औषधात घेता येत नाहीत, म्हणून लसींचा हिशेब आधीच लावा, माझा राहिला. ताप असला की डोस पुढे ढकलायचा, म्हणजे आजारी असताना पाठ पण दुखणार, एकावर एक फ्री. प्रवास हे वेगळंच झेंगट. औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं आणि गोठवायचं अजिबात नाही. मी हुशारी करून पेन थेट बर्फाच्या पॅकला चिकटवून नेलं, पोचल्यावर बघते तर आत कण दिसतायत. गोठलेलं पेन वितळवून वापरायचं नसतं, सरळ फेकून द्यावं लागलं. आता पेन आणि बर्फाच्या मधे टॉवेलची घडी असते. आणि सुयांचा डबा, तो भरला की नेऊन द्यायचा, तो माझ्या डोळ्यासमोर शेल्फवर असतो आणि पाहुणे बघतात. बघू देत.

स्टार द्यायचे तर १७ ला साडेचार. अर्धा जिभेचा कापला. पेनच्या डिझाइनला चारच, कारण दुसऱ्या टकनंतरही थांबायचं असेल तर तिसरा टक द्या ना बाबांनो. ६ ला आईने द्यावेत म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली "अगं, तोटी उघडते ना मी, लिही पाच". न्यूमोनियाचे कापू का विचारलं तर म्हणाली "ते औषधाचे नाहीत, त्या रिपोर्टचे काप".

हो, आणि कप्प्याचं राहिलंच. मागच्या महिन्यात नवऱ्याने मला मदत म्हणून खोकं काढून टेबलावर ठेवलं, मी वीस मिनिटं थांबून टोपण ओढणार तेवढ्यात आई चष्मा लावून आली आणि म्हणाली "अगं थांब, ते माझं आहे!" त्याच रात्री तिने जुन्या कॅलेंडरचे आकडे कापून खोक्यांवर चिकटवले, एकावर ६, दुसऱ्यावर १७.